धर्माची गाय, दात मोजूनच घ्या!

एक रुपया. फक्त एक रुपया भरायचा आणि सात दिवस सगळं फुकट.

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री मी हा एक रुपया भरला. बायोडेटा झकास मांडून देणारं एक ॲप होतं. सांगलीत विश्रामबागला आमच्या रूमवर आम्ही चौघं, लॅपटॉप एकाचाच, घड्याळात साडेअकरा वाजलेले. दोन टॅपमध्ये काम झालं. सकाळी प्रिंट काढली, इंटरव्ह्यू दिला, ॲप डिलीट केलं आणि विसरून गेलो.

ॲप मात्र मला विसरलं नव्हतं. आठव्या दिवशी खात्यातून ३९९ रुपये गेले. पुढच्या महिन्यात परत ३९९. तिसऱ्या महिन्यातही तेच. मेसच्या मावशींना पैसे पाठवताना 'बॅलन्स अपुरा' असं आलं, तेव्हा कुठं मी खात्याचा उतारा उघडून बघितला. तीन महिन्यांचे मिळून ११९७ रुपये. आमच्या मेसचा महिना तीन हजारांचा, म्हणजे दिवसाला शंभर. एका पानाच्या बायोडेटासाठी मी बारा दिवसांचं जेवण मोजलं होतं.

मेसेज आला नव्हता का? आला होता. असे आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. पण 'तुम्हाला पाच लाखांचं कर्ज मंजूर' असल्या पन्नास मेसेजच्या गर्दीत तो एक मेसेज कोण वाचतंय?

रूममेट म्हणाला, "जाऊ दे की भावा, चारशे रुपयांसाठी कुठं भांडत बसतोस?"

हे वाक्य लक्षात ठेवा. माझं म्हणणं असं आहे, की 'फुकट'चा निम्मा धंदा या एका वाक्यावर उभा आहे.

आत जायला दोन टॅप, बाहेर पडायला नऊ

मी ॲप पुन्हा डाउनलोड केलं. मेंबरशिप रद्द करायचं बटण शोधायला नऊ टॅप लागले, मी मोजले. वाटेत 'का जाताय?' म्हणून विचारणा झाली, निम्म्या किमतीची ऑफर आली, मग 'मला चांगली नोकरी नकोय' अशा अर्थाचं एक वाक्य दाबल्याशिवाय पुढं जाताच येईना. म्हणजे पैसे माझे, आणि वर टोमणाही मलाच.

ही डिझाइनरची चूक नसते बरं का. या युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' असं नाव आहे आणि आपल्याकडं त्यांच्यावर बंदीही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविषयी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यात अशा तेरा युक्त्यांची यादी आहे. सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवायचं, ही एक. 'नको' म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरायची, ही दुसरी. न विचारता आपल्या टोपलीत एखादी वस्तू सरकवायची, ही तिसरी. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर एकेक शुल्क उघड करायचं, ही चौथी. 'फक्त दहा मिनिटं बाकी' म्हणून खोटी घाई लावायची, ही पाचवी. यातल्या किती तुमच्या ओळखीच्या आहेत, सांगा बघू!

आणि एक कामाची गोष्ट. ॲप डिलीट केलं म्हणजे परवानगी रद्द होत नाही. एक रुपया भरताना आपण यूपीआयचा पिन टाकतो, तेव्हा बऱ्याचदा फक्त रुपया देत नसतो, दर महिन्याला पैसे काढून घ्यायची मुभा देत असतो. ती तुमच्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅंडेट' नावाखाली पडून असते आणि तिथूनच रद्द करता येते. हा लेख वाचून झाला की आधी तिथं जाऊन या. काय सापडेल, सांगता येत नाही.

कपबश्यांचा सेट आणि बुडालेली भांगलण

हे फक्त मोबाईलवरच्या पोरांचं होतं असं समजू नका. साताऱ्यात एका प्रदर्शनात आमच्या वडिलांनी लकी ड्रॉचं कूपन भरलं. नाव, मोबाईल नंबर, लग्न झालंय का, महिन्याचं उत्पन्न किती. आठवड्यात फोन आला, "अभिनंदन! तुम्हाला भेटवस्तू लागलीय. एकदम फुकट. फक्त पती-पत्नी दोघांनी जोडीनं यायचं."

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून दोघं एसटीनं साताऱ्याला गेले. हायवेवरच्या हॉटेलात तीन तास बसवून त्यांना एका सहल क्लबची मेंबरशिप सांगितली. दरवर्षी थंड हवेच्या ठिकाणी राहायचं, पैसे हप्त्यानं भरायचे, पण सही आजच करायची, उद्या हा भाव नाही. वडील सहीच्या बेतात होते. आई म्हणाली, "आम्ही सकाळच्या एसटीनं म्हाबळेश्वरला जाऊन सांजच्याला घरात असतोय. र्‍हायाचं कशाला?" त्या पोराकडं याला उत्तर नव्हतं.

कपबश्यांचा सेट मिळाला. पण त्या दिवशी आल्याच्या रानात भांगलणीला बायका लावलेल्या होत्या, त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. काम निम्मं झालं, मजुरी पूर्ण गेली. दोघांचं एसटीचं भाडं गेलं. आणि वडिलांचा नंबर कुठं कुठं फिरला देव जाणे, त्यांना आजही रोज दोन-तीन अनोळखी फोन येतात. तो सेट आम्ही बाजारातून आणला असता तर स्वस्तात पडला असता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

आजी असती तर म्हणाली असती, "धर्माची गाय अन् दात का गं नाय?" फुकट मिळालेल्या गोष्टीत खोट काढू नये, असा त्या म्हणीचा अर्थ. पण आजीच्या काळात गाय देणारा खरंच दान करत होता. आता गाय देणारा दावं स्वतःच्याच हातात ठेवतो.

शून्य दिसलं की डोकं बंद

आपण एवढे हुशार, दोन रुपयांसाठी रिक्षावाल्याशी वाद घालणारे, मग 'फ्री' दिसलं की असं काय होतं? २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शाम्पानिये, मझार आणि एरिएली या तिघा संशोधकांनी लोकांसमोर दोन चॉकलेटं ठेवली. एक भारी, पंधरा सेंटचं. एक साधं, एक सेंटचं. बहुतेकांनी भारी चॉकलेट घेतलं. मग दोन्हींची किंमत एकेका सेंटनं कमी केली. भारी चौदा सेंटला, साधं फुकट. फरक तेवढाच राहिला, तरी बहुतेक लोक साध्याकडं वळले. एका सेंटचा शून्य झाला आणि माणसांचा हिशेब थांबला.

दुकानदारांना हे प्रयोगाच्या आधीपासून माहीत होतं. 'एकावर एक फ्री'च्या पाटीखाली आपण एका शर्टासाठी गेलेलो असतो आणि दोन घेऊन येतो. दुसऱ्याची किंमत पहिल्यात घातलेली असते. फ्री डिलिव्हरीसाठी साठ रुपये कमी पडतात म्हणून नको असलेले वेफर्स घेतो. जेवण मागवताना डिलिव्हरी फुकट, पण प्लॅटफॉर्म फी वेगळी. झोमॅटोनं ऑगस्ट २०२३ मध्ये ही फी दोन रुपयांपासून सुरू केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती दहा रुपये झाली. दोन रुपयांना कोण हरकत घेणार? आणि एकदा सवय लागल्यावर दहाला तरी कोण घेतंय?

मोबाईल घेताना 'नो कॉस्ट ईएमआय' घेता ना? त्याचा हिशेब करू. समजा २४ हजारांचा फोन, चार हजारांचे सहा हप्ते. बँक व्याज सोडत नाही. वर्षाला १५ टक्के धरले तर सहा महिन्यांत साधारण हजार रुपये व्याज होतं. तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी किमतीत देते आणि हिशेब २४ हजारांवर आणून ठेवते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपण भरतो, म्हणजे सुमारे १८० रुपये. शिवाय प्रोसेसिंग फी १९९ असेल तर तिच्यावरही जीएसटी. झाले चारशे-सव्वाचारशे. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती वेगळीच. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. मग 'शून्य टक्के' ही पाटी गेली आणि 'नो कॉस्ट' ही आली.

ते फुकटचे सात महिने

आपल्या पिढीनं बघितलेली सगळ्यात मोठी फ्री ऑफर कुठली? ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. डेटा फुकट, कॉल फुकट. आधी ३१ डिसेंबरपर्यंत, मग ३१ मार्च २०१७ पर्यंत. सिमकार्डासाठी लागलेल्या रांगा आठवत असतील.

इथं मी कोरडा टीकाकार होणार नाही. त्या सात महिन्यांनी आमच्या गावापर्यंत इंटरनेट आणलं. त्याआधी एक जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागायचे. स्पर्धा परीक्षेची लेक्चर्स रानात बसून बघणारी पोरं मी पाहिलीत. ते सगळं खोटं नव्हतं.

पण फुकटाशी स्पर्धा कोण करणार? आधीच कर्जात असलेल्या कंपन्यांना ते पेललं नाही. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद झाली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर एअरटेलमध्ये विलीन झाली, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. दुकानं कमी झाली की भाव ठरवणं सोपं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये दर वाढले, २०२१ च्या अखेरीस वाढले, जुलै २०२४ मध्ये पुन्हा वाढले. जिओचा रोज दीड जीबीचा २३९ चा प्लॅन २९९ झाला, बाकीच्यांनीही त्याच आठवड्यात दर वाढवले.

त्यातही महिना २८ दिवसांचा! वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. २९९ च्या हिशेबानं बारा महिन्यांचे ३५८८ व्हायला हवेत, होतात ३८८७. तेरावा महिना कॅलेंडरमध्ये नाही, पण आपल्या खिशात आहे. ट्रायनं २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीनं किमान एक तरी ३० दिवसांचा प्लॅन ठेवावा असा आदेश काढला. तुम्ही तो कधी शोधलाय?

म्हणून मला वाटतं, फुकट ही उधारी असते. फेडायची तारीख तेवढी लपवलेली असते. कधी ती आठव्या दिवशी येते, कधी तीन वर्षांनी.

मग सगळंच फुकट वाईट का?

अजिबात नाही. सांगलीच्या मंडईत भाजीवाली मावशी पिशवीत वरून मूठभर कोथिंबीर टाकते, ती फुकटच असते. तिचा हिशेब तिलाही माहीत असतो आणि आपल्यालाही. आपण परत तिच्याकडंच यावं एवढीच तिची अट, आणि नाही आलो तर ती आपल्या खात्यातून काही कापत नाही. या कोथिंबिरीचं वजन ॲपवाल्यांनाही कळलंय. २०२४ मध्ये ब्लिंकिटनं भाजीबरोबर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. मावशी मात्र आपला नंबर मागत नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. कृष्णेचं पाणी सांगलीच्या घरांत शिरलं आणि महाराष्ट्रभरातून टेम्पो भरभरून आले. पाणी, बिस्किटं, चादरी, औषधं. देणाऱ्यानं घेणाऱ्याचा मोबाईल नंबर विचारला नाही, ओटीपी मागितला नाही. मदतीच्या काही पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले दिसले, तेव्हा लोक केवढे चिडले होते! का चिडले? कारण मदतीची ऑफर झालेली कुणालाच आवडली नाही. दान आणि जाहिरात यांतला फरक आपल्याला तेव्हा लगेच कळला होता. मग मॉलमध्ये शिरल्यावर तो का कळेनासा होतो?

साताऱ्याचंच आणखी एक उदाहरण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यापूर्वी किर्लोस्करांचे नांगर विकायला हा माणूस गावोगाव फिरलेला, म्हणजे विक्री म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गरिबांच्या पोरांना शिकवताना त्यांनी 'फुकट' अशी पाटी लावली नाही. 'कमवा आणि शिका' म्हणाले. पोरांनी रानात काम केलं, स्वयंपाक केला आणि शिकली. किंमत होती, पण ती पहिल्या दिवशी समोर ठेवलेली होती. माझी मागणीही तेवढीच आहे. घ्या हो पैसे, पण किती, कधी आणि कशाचे, हे आधी सांगा.

चारशे रुपयांसाठी भांडा

आता काहीजण म्हणतील, अटी वाचल्या नाहीत ही तुमचीच चूक. मान्य, माझी चूक होतीच. पण 'फ्री' हा शब्द पडदाभर आणि '३९९ दर महिना' हे करड्या रंगात, तळाला, मुंगीएवढं. हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की आपण वाचणार नाही. म्हणून तर ते तसं लिहिलेलं असतं. चूक माझी एकट्याची असती तर त्यांना अक्षरं लहान करायची गरज काय होती?

आणि रक्कम बघा. ३९९. पाच हजार गेले असते तर मी बँकेत धावलो असतो, घरी सांगितलं असतं. ३९९ साठी आपण घरी सांगत नाही, कारण लाज वाटते. शिकलेलं पोर आणि एक रुपयाला फसलं! त्या लाजेचाच हा भाव आहे. हजार पोरं गप्प बसली की महिन्याला ३ लाख ९९ हजार होतात.

कायदा आपल्या बाजूनं आहे. जून २०२२ च्या फसव्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत 'फ्री' या शब्दाबद्दल स्पष्ट लिहिलंय. वस्तू घ्यायला किंवा पोहोचवायला जो टाळता न येणारा खर्च होतो, तो सोडून आणखी काही पैसे द्यावे लागणार असतील, तर त्या वस्तूला फुकट म्हणायचं नाही. किंमत पॅकेजमध्येच धरलेली असेल, तरीही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथं निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही. कंपनी बंगळुरूची असली तरी तक्रार आपण राहतो तिथं करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची.

गंमत बघा. एवढ्या फ्री ऑफरच्या मागं आपण धावतो, आणि जी गोष्ट खरंच फुकट आहे, तिच्याकडं कुणी बघत नाही.

मी १९१५ वर तक्रार केली. उताऱ्याचे स्क्रीनशॉट काढले, तारखा लिहिल्या. नवव्या दिवशी शेवटच्या महिन्याचे ३९९ परत आले. आधीच्या ७९८ बद्दल 'सेवा वापरली गेली' असं उत्तर मिळालं. डिलीट केलेल्या ॲपची सेवा मी कशी वापरली, हे मी आता लेखी विचारलंय. उत्तर आलं नाही तर आयोगात जाणार आहे. रूममेट हसतोय. पण परवा त्यानंही गुपचूप स्वतःचं 'ऑटोपे' उघडून बघितलं. तीन परवानग्या निघाल्या. एक तर त्यानं दोन वर्षांपूर्वी गाण्यांसाठी दिलेली.

तुमच्या किती निघतात, बघा. आणि निघाल्या तर लाजू नका, मेसमध्ये सगळ्यांसमोर सांगा. ताटावर बसलेल्या दहाजणांपैकी चौघं तरी खिशातून फोन काढतील.